उघाडी

रात्रपाळीला मी उंदराच्या मेंदूत असते.
महापे, सातवा मजला, काचेला पडदा,
पलीकडे खाडी. दिसत नाही,
पण ओहोटीला एसीच्या जाळीतून वास आत येतो.

तुकडा केवढा, तर मिठाच्या खड्याएवढा.
परदेशात कुणीतरी त्याच्या हजारो चकत्या केल्या,
केसाहून कितीतरी पातळ,
एकेकीचा फोटो काढला, एकावर एक रचल्या,
आणि यंत्रानं रंग भरले:
ही पेशी जांभळी, ही मोरपंखी, ही हळदी.
एवढ्याशा खड्यात काही किलोमीटर तारा.
घणसोलीहून निघालं तर
ऐरोलीच्या पुलापर्यंत सहज पोचतील.

यंत्र चुकतं, म्हणून आम्ही.
दोन पेशींना ते एक समजतं, तिथे मी तोडते.
एकीचे दोन तुकडे करतं, तिथे जोडते.
तासाला चाळीस चुका.
रेजिना मॅडम म्हणतात, अंदाज नको, पुरावा.
फांदी चालता चालता संपली,
कारण तिथली चकतीच फाटली होती,
तर पलीकडे काय असेल ते आपण ठरवायचं नाही.
एक बटण दाबायचं.
फांदीला नाव पडतं: अनाथ.

हा उंदीर जिवंतपणी सिनेमाचे तुकडे बघायचा.
कुठल्या दृश्याला कुठली पेशी चमकली, नोंद आहे.
आवडला का, याची नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी वॉचमन गंगावणेंचा फोन.
ताई, बाबांनी टाकीचा वॉल्व्ह उघडलाय,
आणि सोडत नाहीत.

पौषातली अमावास्या. स्कूटीवर हात बधिर.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आमची बिल्डिंग,
तिच्याखाली आमचं मिठागर,
पार्किंगखाली तिसरी कोंडी,
असं बापच सांगायचा, सांगत होता तोवर.

पार्किंगभर घोट्याएवढं पाणी.
पांढऱ्या पट्ट्यांचे चौकोन, चौकोनात नंबर,
आणि बी-चौदामध्ये बाप,
लेंगा गुडघ्यावर, हातात जिन्यातला वायपर
फळीसारखा तिरका धरलेला.
पट्टी ओलांडून पाणी जाई.
तो न रागावता परत आणी.
वरती कारखानिसांच्या खिडकीत दिवा लागला,
कुणाच्या तरी गाडीचा भोंगा सुरू झाला आणि थांबेना.

वाशीच्या डॉक्टरांनी एमआरआयवर पेन टेकवलं होतं:
इथे आकसलंय.
जागा ओळखणाऱ्या पेशी इथेच असतात,
आपण एका कोपऱ्यात उभे राहिलो की एक बोलते,
दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी.
खरं असेल. रात्री त्याला संडास सापडत नाही.
मला आत्याच्या नावानं हाक मारतो.
पण अंधारात जिना उतरून, उधाणाच्या रात्री,
तो सरळ वॉल्व्हपाशी गेला.
आमची उघाडी बरोबर तिथेच होती का,
सांगणारं आता कुणी नाही.
ती चकती फाटली.

माझ्याकडे बघून म्हणाला,
पानी सोरलंस कं?

तोडू की जोडू,
बोट सवयीनं हवेत थांबलं.
मग मी चपला काढल्या.
सोरलं, म्हटलं.
पाणी थंडगार होतं, क्लोरीनच्या वासाचं.
मीठ कधी?
पंदरा दीस, तो म्हणाला, ऊन ऱ्हायलं तं.
आणि वायपरचा दांडा माझ्याकडे दिला,
म्हणजे कामाला लाग.
दोन चौकोन ओढले मी. कंबर भरून आली.
तो कडेला उभा राहून चुका काढत होता:
तिकडं नको. बांध फुटंल.

गंगावणेंनी रजिस्टर पुढे केलं.
वेळ, मजला, नाव, सगळं लिहिलेलं.
कारणाच्या रकान्यात पेन अडलं होतं.
मी घेतलं आणि लिहिलं: उधाण.

सकाळी कुणाच्याच नळाला पाणी नव्हतं.